आईच्या वतीने दिलेलं उत्तर

पाटनकडून मटराच्या गाड्या यायला लागल्या की जबलपूरची थंडी सुरू झाली असं समजायचं. बैलांच्या पाठीवर धुकं बसलेलं असतं. ओमती नाल्याच्या वळणावर गाडीवान अंगाभोवती गोणपाट गुंडाळून उकिडवे बसतात. त्यांच्या तोंडातून निघते ती वाफ की विडीचा धूर, ते सांगता येत नाही. मी शाळेत शिकवायला जाते ती याच गाड्यांच्या कडेकडेने. यंदाही आठ-दहा दिवस जाते आहे. ओळखीचं माणूस समोरून यावं आणि आपण पदर सावरत दुसरीकडे पाहावं, तशी मी या ऋतूपुढून जाते.

आमचा इथला पहिला हिवाळा मी चौदा वर्षांची असताना आला. त्याला आता दहा वर्षं झाली. बाबांना तेव्हा सेहेचाळिसावं लागलं होतं. नागपूरच्या जंगलखात्याच्या कचेरीतून त्यांना एका वर्षासाठी इकडे पाठवलं होतं. वर्ष संपताना, होळीच्या आत, त्यांनी लिहून द्यायचं होतं: कायम इथे राहायचं, की परत जायचं. एकदा लिहून दिलं की पेन्शनीपर्यंत बदल नाही.

पंचविशीतला माणूस नव्या गावी उतरतो तेव्हा फारसा विचार करत नाही. गाव नाही पटलं तर पुढचं आहेच, असं त्याला वाटत असतं. सेहेचाळिसाव्या वर्षी बिऱ्हाड हलवायचं म्हणजे म्हातारपणाची जागा धरायची. बाबांना ते कळत होतं, म्हणून ते जबलपूरकडे संशयाने बघत. नागपूरपेक्षा हे गाव लहान, पण लहान म्हणून दुर्लक्ष करावं असंही नाही. छावणी, तोफगाड्यांचा कारखाना, मोठं स्टेशन, साहेबांचे बंगले. आणि चार पावलं बाजूला गेलं की शेणाच्या गोवऱ्या थापलेल्या भिंती. मराठी माणूस शोधला तर सापडे, आपणहून दिसत नसे. पेरूंना नागपुरात आम्ही जांब म्हणायचो, इथे ते बिही झाले. बाबा बाजारात पहिल्या दिवशी "जांब कसे दिले?" म्हणून विचारत राहिले आणि ती बाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. घरी येऊन त्यांनी ते हसत सांगितलं. मला मात्र ते हसताना थोडे घाबरलेले वाटले.

बाबांनी निर्णयाची एक पद्धत ठरवली होती. रविवारी दुपारी ते एकेका मराठी घरी जायचे आणि घरच्या कर्त्या पुरुषाला विचारायचे, "काय म्हणता, मानवलं का जबलपूर?" सोबत मला न्यायचे. मुलगी बरोबर असली की लोक ओसरीवर न थांबवता आत बसवतात, असं त्यांचं म्हणणं. मी कोपऱ्यात बसे. बोलायला न लागणं हीच माझी त्या काळातली सर्वात मोठी इच्छा होती, आणि अशा घरांतून ती सहज पुरी होई.

एक पांढरीपांडे काका होते. त्यांचे खापरपणजोबा मराठ्यांच्या चाकरीत इकडे आले ते इथलेच झाले. काकांची मराठी बोलता बोलता हिंदीत उतरायची आणि परत वर यायची. त्यांच्याकडची ती दुपार मला जशीच्या तशी आठवते.

"पाणी कसं आहे?" बाबांनी विचारलं.

"पाणी एकदम फर्स्टक्लास, जी. नर्मदामाईचं. दगड खा, पचवून दाखवते."

"आणि दूध?"

"दूध भैया लोकांचं. त्यातही नर्मदामाईच असते, अर्धी."

बाबा हसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मुलींच्या लग्नाचं काय करता तुम्ही लोक?"

"तिथं थोडं अडते. स्थळासाठी नागपूर-अमरावतीची गाडी धरावी लागते. अच्छा, पण एक फायदा आहे. इथं वाढलेल्या पोरीला मराठी समजते सगळं, बोलता येत नाही. कोणत्याही सासूला विचारा, यापेक्षा चांगली सून भेटते काय!"

आतून काकूंचा आवाज आला, "चलो, पुरे झालं तुमचं. पोरगी समोर बसली आहे."

बाबांनी कप खाली ठेवला. त्यांना खरं विचारायचं होतं ते अजून विचारून झालं नव्हतं. "एक सांगा, वाईट वाटून घेऊ नका. नागपुरात भाऊ आहेत, पुतणे आहेत. इथं उद्या वेळ आलीच, तर खांदा द्यायला आपली चार माणसं जमतात काय?"

मी मान खाली घातली. काका मात्र मोठ्याने हसले. "अहो, चारचं काय घेऊन बसलात? चाळीस येतील. इथं आपली माणसं थोडी, म्हणून कुणी सुटत नाही. लग्नाला एखादा टाळते, पण मयताला सगळे. आणि घाटावरून परतताना तुमचेच किस्से सांगून राहतील, तुम्ही पाहाल."

"मी कसा पाहीन?" बाबा म्हणाले, आणि दोघेही इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. परत येताना टांग्यात बाबा दोनदा स्वतःशीच म्हणाले, "चाळीस म्हणे!" त्या दिवशी जबलपूर त्यांना बरंच पटलं असावं.

काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावून हातावर गुळाची पोळी ठेवली होती. "आईला काहून नाही आणलं?" त्यांनी विचारलं.

"तिला काम होतं."

हे खोटं होतं. आईला टांग्यापर्यंत चालत येववत नव्हतं.

आम्ही ओमती नाल्याजवळ दोन खोल्या घेतल्या होत्या, मिश्रांच्या घरात, खालच्या अंगाला. वर कवेलूंचं छप्पर, खाली शेणाची जमीन, मागे नाला. पावसाळ्यात शिरलेली ओल भिंतीतून कधी गेलीच नाही. थंडीत पहाटे नाल्यावर धुकं धरे आणि वस्तीतल्या सगळ्या चुलींचा, शेगड्यांचा धूर त्याच्यात अडकून राही. वर जायला त्याला वाटच नसे. आई उठायची ती त्याच धुरात. दगडी कोळशाची शेगडी अंगणात पेटवायची, निखारा धरला की आत आणायची आणि मग उंबऱ्यावर बसायची. दोन्ही तळवे गुडघ्यांवर दाबून, खांदे वर ओढून. कुणीतरी तिला काखेत हात घालून उचलायला बघतं आहे आणि ती उठत नाही, असं दिसायचं. श्वास आत जाताना शीळ वाजायची. बाहेर येताना जास्त. नागपुरात तिला असं काही नव्हतं. क्वचित पावसाळ्यात खोकला, तेवढाच.

"थंडीचं आहे," ती म्हणायची. तेवढंही दोन दमांत.

बाबा त्या वेळी फिरायला गेलेले असत. मदनमहालच्या बाजूला, खडकांकडे. परत येत ते गाल लाल करून. "हवा आहे, बापा, हवा!" ते अंगणातूनच म्हणत. "नागपुरात अशी हवा साहेबालाही भेटत नाही." आई तोपर्यंत उठून कणीक मळायला लागलेली असे. तिची पाठ त्यांच्याकडे असे.

घरमालकीण मिसराइन चाची फार बोलकी होती. एकदा मी विहिरीवर असताना तिने मला थांबवलं. "ए बिटिया, तेरी माँ की साँस तो हमारे आँगन तक सुनाई देती है. पिताजी को बोली कि नहीं?"

"बोलूँगी, चाची."

"कब बोलेगी? दुनिया से उठ जाएगी तब?"

मी कळशी उचलून निघून आले. त्या कळशीतलं पाणी माझ्या पायांवर सांडत होतं आणि ते कोमट वाटत होतं, विहिरीचं पाणी थंडीत वाटतं तसं.

मी बोलले नाही, त्याला कारण होतं, आणि ते मला नीट माहीत होतं. भ्यायले, लाजले, असं म्हणून आता सुटका करून घेता येणार नाही. नागपूरच्या घरी मोठे काका म्हणतील ते होई. मला इंग्रजी शाळेत घातलं तेव्हाच त्यांनी नाक मुरडलं होतं. तेरावं संपायच्या आत, "पुरे झालं, आता स्थळं बघा," असं त्यांनी जेवताना सर्वांसमोर सांगितलं. बाबांनी बदली मान्य केली त्यात हेही होतं. जबलपुरात काकांची नजर पोचत नव्हती. इथे सिस्टर लोकांच्या शाळेत माझं नाव घातलं. उंच छताचे वर्ग, तेलपाण्याने पुसलेली बाकं, आणि एक लहानसं पुस्तकांचं दालन, जिथे कुणीही मला काही विचारत नसे. परत जायचं म्हणजे हे सगळं सोडायचं. मॅट्रिकला दोन वर्षं होती.

आईलाही ते माहीत होतं. एका सकाळी मी तिच्या पाठीवर हात फिरवत होते. शाळेची घाई होती, वेणी घालायची राहिली होती. दम थोडा बसल्यावर ती म्हणाली, "किती राहिलं तुझं?"

"दोन वर्षं."

ती थोडा वेळ काही हिशोब केल्यासारखी नाल्याकडे पाहत राहिली. "म्हणजे हा एक आणि पुढचा एक," ती म्हणाली. "दोनच तर हिवाळे." मग मला पुढे बसवून तिने वेणी घातली. दम पुन्हा लागला होता, पण वेणी नेहमीसारखीच घट्ट.

मी त्या वेळी फक्त 'दोनच' हा शब्द ऐकला. मला सुटल्यासारखं वाटलं.

संक्रांत गेली. ग्वारीघाटच्या जत्रेला बाबा मला घेऊन गेले आणि आईसाठी काचेच्या बांगड्या आणल्या. त्या तिच्या हातांत ढिल्या झाल्या. "माप विसरलात," ती म्हणाली. बाबा म्हणाले, "मापाचं कडं नेलं होतं मी."

माघातला एक रविवार. जेवणं झाली होती. ऊन अंगणात अर्ध्यावर आलं होतं. बाबा चटईवर कागद, दौत, टाक घेऊन बसले होते. आई आत भांडी घासत होती. शेगडीची राख भांड्यांवर चोळल्याचा आवाज येत होता आणि त्या आवाजाच्या मधून मधून तिचा श्वास. दुपारी तो जरा हलका असे, तरी असे.

"कुमुद, इकडे ये."

मी गेले.

"उद्या अर्ज द्यायचा आहे. पाणी झालं, हवा झाली, माणसं झाली. मला तर ठीकच वाटून राहिलं." ते टाकाचं टोक बघत होते. "तू घरात असतेस. मला सांग, तुझ्या आईला इथलं मानवते ना?"

त्यांना आतल्या खोलीत जाऊन विचारता आलं असतं. सहा पावलं होती. त्या वेळी हे माझ्या मनात आलंच नाही, कारण आमच्या घरात नवऱ्याने बायकोला असं काही विचारल्याचं मी पाहिलं नव्हतं. मानवलं का, हा प्रश्न बाबांनी इतक्या घरांतून विचारला, पण तो नेहमी पुरुषाला. त्या मानाने मला विचारलं हेच विशेष.

आतला राखेचा आवाज थांबला.

आणि श्वासही थांबला. तो नेहमीचा, शीळ वाजवणारा, मिसराइन चाचीच्या अंगणापर्यंत जाणारा श्वास. आईने तो धरून ठेवला होता. मी तिच्या दिशेला पाहिलं नाही, तरी मला ते इतकं स्पष्ट कळलं, जसं कुणी दिवा विझवल्यावर डोळे मिटलेले असूनही कळतं. माझं उत्तर खोटं पडू नये म्हणून ती तिथे तशी बसली होती.

"हो," मी म्हटलं. "मानवतं तिला."

बाबांनी कागद पुढे ओढला. ते लिहायला लागल्यावर आत भांडं पडलं आणि मग आई खूप वेळ खोकत राहिली. "ठसका लागला," ती आतून म्हणाली.

फाल्गुनात तिला बरं वाटलं, तिने म्हटलं होतं तसंच. उन्हाळाभर ती हिंडती-फिरती होती. मिसराइन चाचीकडून तिने भरल्या मिरचीचं लोणचं घालायला शिकून घेतलं, दारात गुलबक्षी लावली. मला वाटायला लागलं की मी खोटं बोललेच नव्हते, थोडं आधी बोलले होते इतकंच. मग पुन्हा पाटनच्या गाड्या सुरू झाल्या.

ती पौषात गेली, सकाळी, उंबऱ्याजवळ, शेगडी आत आणायच्या आधी. दोनांतला दुसरा हिवाळा तिला पुरा करता आला नाही.

माणसं आली. पांढरीपांडे काकांनी सांगितलं होतं ते खोटं नव्हतं. मराठी घरांतले झाडून सगळे आले, कचेरीतले आले, मिश्राजी आले, आम्हाला कधीतरी घाटावर नेणारा टांगेवालाही आला आणि खांदा द्यायला पुढे झाला. अंगण भरलं, रस्त्यावर माणसं उभी राहिली. बाबा दारात उभे राहून त्या गर्दीकडे पाहत होते. त्यांना ही माणसं हवी होती ती स्वतःसाठी. आपल्या आधी दुसऱ्या कुणाला लागतील, हे त्यांनी मनातही आणलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर दुःखाच्या आधी मला शरम दिसली. बायकांनी घाटावर जायचं नसतं. मी खिडकीच्या गजांतून ते सगळे वळणाआड जाईपर्यंत पाहिलं आणि मग अंगणात जाऊन शेगडी विझवली, कारण ती अजून तशीच धुमसत होती.

मी मॅट्रिक झाले. पुढेही शिकले. आता ज्या शाळेत शिकवते तिथेही मुली मागच्या बाकावर मान खाली घालून बसतात, आणि मी त्यांना उभं करून प्रश्न विचारत नाही.

गाव माणसाला मानवतं का, हे कसं ठरवायचं, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. पाणी, दूध, शेजार, भाषा, हे सगळं बाबांनी विचारलं ते चुकीचं नव्हतं. पण गाव एकट्याला मानवून भागत नाही. घरातल्या सर्वात कमी बोलणाऱ्या माणसाला ते कसं सोसतं आहे, तिथे खरी परीक्षा असते, आणि ते माणूस तर सांगत नाही. आमच्या घरात तर तिघंही मनातलं कमीच बोलणारी होती.

या वर्षी होळीनंतर बाबांची पेन्शन सुरू होईल. नागपुरात मोठे काका गेले, चुलतभावाचं पत्र आलं आहे: वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत, या. गेल्या रविवारी दुपारी बाबांनी ते पत्र माझ्यापुढे ठेवलं. आम्ही आता राइट टाउनकडे राहतो. घर कोरडं आहे, समोर ऊन येतं.

"काय करायचं?" बाबा म्हणाले. "तुला काय वाटते, मला तिथं मानवेल काय आता?"

दहा वर्षांत मी त्या रविवारचं कधी काढलं नव्हतं. पण तो प्रश्न ऐकला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मला नका विचारू. दुसऱ्याचं उत्तर मी एकदा दिलं आहे."

बाबांनी चष्मा काढला. ते काहीच न कळल्यासारखं करतील असं मला वाटलं होतं.

"मी खोटं सांगितलं होतं," मी म्हटलं. "आईला रोज दम लागत होता. मला शाळा सोडायची नव्हती."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"एका घरात झोपत होतो आम्ही, बेटा. बहिरा नव्हतो मी."

"मग मला काहून विचारलं?"

बाबा धोतराच्या टोकाने चष्म्याची काच पुसायला लागले.

"मला परत जायचं होतं," ते म्हणाले. "पहिल्या महिन्यापासून. करमतच नव्हतं मला इथं. हवा, माणसं, ते सगळं मनाला समजावणं होतं. पण तुझी शाळा मी कोणत्या तोंडाने सोडवणार होतो? तिला विचारलं असतं तर तिने तुझ्यासाठी हो म्हटलं असतं. वाटलं, तू तरी नाही म्हणशील. पोरगी खरं बोलते, म्हणेल, बाबा, आईला होत नाही, चला. मग मी तुझ्या नावावर निघून गेलो असतो."

"आणि मी हो म्हटलं."

"तू हो म्हटलं."

रस्त्यावरून एक टांगा गेला. समोरच्या घरात कुणीतरी मटर सोलत होतं, शेंगा फुटल्याचा आवाज येत होता. बाबांनी चष्मा लावला आणि माझ्याकडे पाहिलं, जसं ते त्या रविवारी बघू शकले असते आणि त्यांनी बघितलं नव्हतं.

"आता तुझंच सांग," ते म्हणाले. "तुला? तुला तरी मानवलं काय हे गाव?"

हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं. हो आणि नाही, अशी दोन सोपी उत्तरं तयार होती, आणि दोन्ही त्यांना बरं वाटावं म्हणून होती.

"शाळा मानवली," मी म्हटलं. "गाव नाही. आई गेल्यापासून एक दिवसही नाही."

बाबांनी मान डोलावली. पत्राची घडी घातली, ती पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. मग माझ्याकडे न बघता, समोरच्या उन्हाला विचारल्यासारखं, ते म्हणाले,

"मग इतके दिवस आपण इथं कोणासाठी राहून राहिलो?"